कॉन्टेक्स्ट-अवेअर आयओटीत पीएचडी, पण सेन्सर आणि डॅशबोर्डच्या पुढे नेमकं काय करायचं?

पेडण्याची_पोर:

नमस्कार मंडळी. इथे गोव्यातच पीएचडीला लागलेय, पहिलं वर्ष संपत आलंय आणि विषय अजून "कॉन्टेक्स्ट-अवेअर कम्प्युटिंग आणि आयओटी" एवढाच आहे, म्हणजे परिस्थिती ओळखून वागणारी यंत्रणा आणि नेटला जोडलेली सेन्सर-उपकरणं. वाचन बरंच झालं. कॉम्प्युटर रोजच्या वस्तूंत मिसळून जातील ही कल्पना मांडणारा मार्क वायझरचा १९९१ चा लेख, केंब्रिजच्या ऑलिव्हेटी लॅबचे ॲक्टिव्ह बॅज (माणसाने अंगावर लावलेला बॅज साधारण दर १५ सेकंदांनी इन्फ्रारेड सिग्नल सोडायचा, त्यावरून तो कुठल्या खोलीत आहे ते रिसेप्शनिस्टला कळायचं आणि फोन तिथे फिरवता यायचा, मला ते आजही भारी वाटतं), मग १९९४ चं शिलिट वगैरेंचं कॉन्टेक्स्ट-अवेअर ॲप्लिकेशन्सवरचं काम, अनिंद डेची कॉन्टेक्स्टची व्याख्या, २०१४ चा परेरा आणि मंडळींचा याच विषयावरचा सर्व्हे.

पण प्रपोजल लिहायला बसले की दरवेळी तेच चित्र तयार होतं, चार सेन्सर, ईएसपी३२ (वायफायवाली छोटी स्वस्त चिप), एमक्यूटीटीने (हलका मेसेज प्रोटोकॉल) डेटा सर्व्हरवर, डॅशबोर्ड, आणि शेवटी एखादं मशीन लर्निंग मॉडेल. गाईडनी शांतपणे विचारलं, यात संशोधन कुठे आहे? मला उत्तर देता आलं नाही.

डोक्यात दोन विषय आहेत. एक, स्मार्ट क्लासरूम, म्हणजे माणसं किती आहेत, तापमान, आर्द्रता, सीओटू बघून पंखे आणि एसी आपोआप चालवायचे. दुसरा, माझ्या मामांची खाजन शेती (खाडीकाठची, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन) आहे, मागे बांध फुटून खारं पाणी आत शिरलं आणि भात गेलं, तर तिथे पाण्याची पातळी आणि खारेपणा मोजून अलर्ट पाठवायचा. दुसरा मनाजवळचा आहे, पण तो "कॉन्टेक्स्ट-अवेअर" कसा म्हणायचा ते कळत नाही. पहिला सेफ वाटतो. कोणी या क्षेत्रात काम केलं असेल तर मोकळेपणाने सांगा, कडक बोललात तरी चालेल.

वेर्ण्याचा_प्रवासी:

पहिला विषय सोड. वाईट आहे म्हणून नाही, त्यात इतकं काम होऊन गेलंय की नवीन बोलायला जागा शोधण्यातच दोन वर्षं जातील.

तुझी अडचण कुठून येते सांगतो. डेची व्याख्या फार मोठं जाळं टाकते, माणूस, जागा किंवा वस्तू यांच्या परिस्थितीचं वर्णन करायला उपयोगी पडेल अशी कुठलीही माहिती म्हणजे कॉन्टेक्स्ट. मग तापमानसुद्धा कॉन्टेक्स्ट, आणि थर्मामीटर लावला की लोक प्रोजेक्टला कॉन्टेक्स्ट-अवेअर म्हणायला मोकळे. मी स्वतःला आणि माझ्याकडे येणाऱ्या मुलांना एकच प्रश्न विचारतो, सेन्सरचा आकडा अगदी तोच असताना दोन वेगळ्या परिस्थितींत सिस्टिमने वेगळं वागायला हवं का? नको असेल तर थ्रेशोल्ड (ठरलेली मर्यादा) लावून घरी जा, त्याला पीएचडी लागत नाही. हवं असेल, तर ती परिस्थिती ओळखायची कशी, ओळखताना खात्री किती, आणि खात्री कमी असेल तेव्हा गप्प बसायचं की माणसाला विचारायचं, हे सगळे खरे प्रश्न आहेत आणि अजून सुटलेले नाहीत.

पॉल डुरिशचा २००४ चा पेपर नक्की वाच. त्याचं म्हणणं असं की कॉन्टेक्स्ट आधीपासून तयार पडलेला नसतो की सेन्सरने जाऊन उचलून आणला, लोक काम करत असतात त्या कामातून तो घडत जातो. कॉम्प्युटरवाल्यांना हे पचायला जड जातं कारण आपल्याला सगळं टेबलात बसवायची सवय, पण तुझ्या खाजनाच्या विषयाला ते फार लागू पडेल. आणि बेलोटी-एडवर्ड्स यांचा २००१ चा पेपर, त्यात मुद्दा हा की सिस्टिमला काय कळलंय, कसं कळलं आणि ती त्यावर काय करणार आहे हे माणसाला दिसलं पाहिजे. सगळं आपोआप चालवायच्या गप्पा मारण्याआधी ते वाच.

खाजन मला पुस्तकातूनच माहीत, तिथला माणूस बोलला तर बरं.

चोडण_फेरी:

मी कॉम्प्युटरवाला नव्हे, पण आमची खाजनं आहेत आणि वरचा "आकडा तोच, वागणं वेगळं" हा मुद्दा वाचून लिहावंसं वाटलं, कारण मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, नेमकं तेच चालतं.

बाय, मानस कशी चालते ते तुला थोडं माहीत असेलच, तरी सांगतो. लाकडी दारं अशी टांगलेली असतात की भरतीला नदीचं पाणी बाहेरून दाबतं आणि ती आपसूक मिटतात, सुकतीला आतलं पाणी बाहेर जायला बघतं तेव्हा उघडतात. वीज नको, माणूस नको. मग माणूस कशाला लागतो? तर कधी पाणी मुद्दाम आत घ्यायचं, कधी अडवायचं, फळ्या कधी घालायच्या आणि कधी काढायच्या हे ठरवायला.

आता खारेपणाचंच घे. जूनचा पाऊस सुरू झाला की आम्ही पावसाच्या पाण्याने शेतातलं मीठ धुऊन काढतो, पेरणीच्या सुमाराला पोंयीत (मानशीच्या आतल्या बाजूच्या तळ्यात) खारं पाणी दिसलं तर धावपळ. पुढे भर पावसात मांडवी जवळपास गोडीच होते, तेव्हा तेवढी धास्ती नसते, तेव्हा भीती आत पाणी तुंबायची. कापणी झाली की तेच खारं पाणी आत हवं असतं, मासळी आणि सुंगटं (कोळंबी) त्याच्याबरोबर येतात. म्हणजे तुझ्या यंत्राने तोच आकडा दाखवला तर एका महिन्यात फोन वाजायला हवा आणि दुसऱ्या महिन्यात वाजला तर लोक यंत्र काढून फेकतील. त्यातून उधाणाचे (पुनव-अवसेच्या मोठ्या भरतीचे) दिवस वेगळे, भांगाचे (मधल्या लहान भरतीचे) वेगळे. पुनवेच्या उधाणाला पाणी बांधाच्या कडेला टेकलं तर आम्ही बघून येतो, पण भांगाच्या दिवशी तेवढंच पाणी वर आलेलं दिसलं तर कुठेतरी काहीतरी बिघडलंय हे नक्की.

आणि एक गोष्ट जी कुठल्या पेपरात तुला मिळेल की नाही ठाऊक नाही. मानशीवर मासे धरायच्या हक्काची पावणी (लिलाव) होते. ज्याने पैसे भरले त्याला पाणी जास्त आत यावं असं वाटणारच, आणि शेजारी ज्याचं भात उभं आहे त्याला एक थेंब नको. दोघांनाही अलर्ट पाठवशील तर दोघांना वेगळं काय सांगशील? हा वाद आमच्याकडे फार जुना आहे. मामांना विचार, ते जास्त सांगतील.

फोंड्याचा_फर्मवेअरवाला:

चोडणकरांनी जे लिहिलंय तोच थिसिस आहे, अजून काय पाहिजे! मी फक्त हार्डवेअरच्या बाजूने चार गोष्टी टाकतो, कारण कॉन्टेक्स्टचं मॉडेल कितीही सुंदर असलं तरी खालून कचरा आला तर वर कचराच जाणार.

खारेपणा म्हणजे तू बहुतेक कंडक्टिव्हिटी (पाण्यातून वीज किती सहज जाते ते) मोजणार. पाणी १ अंश तापलं की कंडक्टिव्हिटी साधारण २ टक्के वाढते, म्हणजे तापमानाचा प्रोब शेजारी नसेल तर दुपारी पाणी नुसतं तापल्याने तुला खारेपणा वाढल्यासारखा दिसेल. रेंजचाही विचार कर, भाताच्या बाबतीत मातीच्या अर्काचा ईसी (म्हणजे कंडक्टिव्हिटीच) ३ डेसिसिमेन्स प्रति मीटरच्या वर गेला की उत्पन्न घटायला लागतं हे पुस्तकातलं गणित (खाजनातला कोरगुट भात यापेक्षा बरंच जास्त सोसतो), आणि समुद्राचं पाणी ५० च्या आसपास, दोन्ही टोकं नीट मोजणारा एकच स्वस्त प्रोब मिळणं कठीण. शिवाय शेवाळ आणि कालवं. खाडीच्या पाण्यात ठेवलेल्या उघड्या इलेक्ट्रोडवर थर बसतो आणि रीडिंग हळूहळू सरकत जातं. तुझ्या मॉडेलला हे सरकणं म्हणजे ऋतू बदलला असं वाटू शकतं, म्हणून सेन्सरची तब्येत हासुद्धा कॉन्टेक्स्टचाच भाग धर. इंडक्टिव्ह प्रकारचा सेन्सर परवडला तर बघ, त्यात धातूचे इलेक्ट्रोड पाण्याला लागतच नाहीत.

नेटवर्कला वायफाय विसर, लोरा (कमी विजेत लांब जाणारा रेडिओ) घे, भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ लायसन्सशिवाय वापरता येतो. पण लांब पल्ल्यासाठी एसएफ१२ वर (सगळ्यात लांब जाणारी पण सगळ्यात हळू सेटिंग) गेलीस की लोरावॅनमध्ये (लोरावर चालणारं नेटवर्क) एका मेसेजला ५१ बाइट, आणि तो हवेत जायलाही सेकंदाच्या वर वेळ लागतो, म्हणजे सगळा कच्चा डेटा वर पाठवून क्लाउडमध्ये विचार करू हे जमणार नाही. थोडा निर्णय बांधावरच्या डब्यातच घ्यावा लागेल. जुलैत सूर्य दिसत नाही आठवडाभर, सोलर पॅनलचा हिशोब त्या दिवसांवर कर, मेच्या उन्हावर नको. ईएसपी३२ ची चिप डीप स्लीपमध्ये १० मायक्रोॲम्पच्या आसपास घेते पण बाजारातला डेव्हलपमेंट बोर्ड त्याच्या कितीतरी पट खातो, तेव्हा बोर्डाचा खर्च मीटर लावून मोज.

पेडण्याची_पोर:

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः चोडण दादांचे. पावणीचा मुद्दा मामांकडे काढला तर ते तासभर बोलत होते, आणि तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हो, इथे काहीतरी आहे. आता अडलंय ते इव्हॅल्युएशनवर. "परिस्थिती बरोबर ओळखली" हे सिद्ध कसं करायचं? मानशीवर लेबल लावलेला डेटा कोण देणार?

वेर्ण्याचा_प्रवासी:

लेबल मानस सांभाळणारा माणूस देईल. त्याला फॉर्म भरायला लावू नकोस, फळी घातली किंवा काढली की एक बटण आणि कारण सांगणारा आवाजी मेसेज, मराठी-कोंकणी जे येईल ते. तो जे करतो आणि का करतो हीच तुझी ग्राउंड ट्रुथ (मॉडेल ज्याच्याशी ताडायचं ते खरं उत्तर), आणि डुरिश म्हणतो ते तुला तिथे प्रत्यक्ष दिसेल.

ट्रेन-टेस्टचं, म्हणजे मॉडेल शिकवायचा आणि तपासायचा डेटा वेगळा ठेवायचं, मात्र सांभाळ. ॲक्टिव्हिटी रेकग्निशनवाल्यांचा (माणूस चालतोय की बसलाय हे ओळखणाऱ्यांचा) २०१३ चा तो यूसीआय डेटासेट बघ, ३० माणसं, कमरेला फोन, आणि टेस्टमधली माणसं ट्रेनपेक्षा वेगळी ठेवलीत. हे विसरून एकाच सिग्नलचे शेजारशेजारचे तुकडे इकडे-तिकडे वाटले की अचूकता छान दिसते आणि तिला काही अर्थ नसतो. भरती-सुकती तर रोज दोनदा येते, तुझे तुकडे एकमेकांसारखेच असणार. म्हणून एका मानशीवर शिकवून दुसऱ्या मानशीवर तपास, किंवा एक पावसाळा पूर्ण बाजूला ठेव. तुलना कशाशी? नुसत्या थ्रेशोल्डशी, आणि मुरगावच्या भरतीच्या तक्त्याशी पंचांगातले महिने जोडून केलेल्या साध्या नियमाशी. या दोघांना हरवता आलं नाही तर तेही प्रामाणिकपणे लिही, तो निकालही कामाचा आहे.

आणि प्रायव्हसीचा भाग थिसिसच्या शेवटी ठिगळासारखा लावू नकोस. दार रात्री कधी उघडलं याची नोंद म्हणजे कोणी उघडलं याचा पुरावा होऊ शकतो. ॲक्टिव्ह बॅजच्या वेळेपासून हाच प्रश्न आहे, कोण कुठे आहे हे नेमकं कोणाला दिसावं. तुझ्याकडे तर मासेवाला आणि शेतकरी यांच्यात आधीच वाद आहे. तो डेटा कोणाकडे राहणार, कोण बघणार, हे सेन्सर लावण्याआधी कूळ संघाच्या बैठकीत सगळ्यांसमोर ठरव.

चोडण_फेरी:

बैठकीचं बरोबर बोलले. आणि बाय, पातळीचा सेन्सर एकच लावू नकोस, दाराच्या आत एक आणि बाहेर एक असे दोन लाव. नुसत्या आतल्या पाण्यावरून काही समजत नाही, दोन्हीकडचा फरक बघितला की पाणी कुठून कुठे चाललंय ते कळतं, आणि दार मिटलेलं असून फरक हळूहळू कमी होतोय असं दिसलं तर दाराखालून किंवा बांधातून गळती आहे. खेकड्यांच्या बिळांनी असंच सुरू होतं. आम्हाला ते वेळेवर कळलं तर मातीच्या दोन-चार पाट्यांत काम भागतं.