मदत हवी आहे : लेआउट कोडिंगमधून फ्रंट-एंडकडे वळताना आधी काय पक्के करावे?

मी अंधेरीतील एका लहान एजन्सीत तीन वर्षे फिग्मा या डिझाइन-साधनातील डिझाइनवरून एचटीएमएल-सीएसएसमध्ये पाने बांधतो. ३६० पिक्सेलच्या पडद्यावरही मांडणी मोडू नये आणि मराठी शीर्षकातील वेलांटी व रफार वरून कापले जाऊ नयेत, याची मी मनापासून काळजी घेतो. सर्व्हरकडून माहिती आणणे, ती पानावर जुळवणे आणि चाचण्या लिहिणे हे फ्रंट-एंडचे काम मात्र दुसऱ्यांकडे असते.

गेल्या महिन्यात फ्रंट-एंडच्या मुलाखतीत एपीआयमधून (सर्व्हरकडे माहिती मागण्याच्या ठरलेल्या मार्गाने) यादी आणून ती शोधशब्दानुसार दाखवायला सांगितली. मांडणी वीस मिनिटांत झाली. पण वापरकर्त्याने दुसरा शब्द टाइप केल्यानंतर पहिल्या शब्दाचे उत्तर उशिरा आले, तर जुनाच निकाल नव्यावर चढत होता, आणि ते मला सोडवता आले नाही. आता विनंती रद्द करण्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये अबॉर्ट-कंट्रोलर असतो, हे एमडीएन या वेब-तंत्राच्या संदर्भस्थळावर वाचून समजले आहे.

फेच (सर्व्हरकडे विनंती पाठवणे) आणि प्रॉमिस (नंतर येणारे उत्तर हाताळणे) शिकून झाले आहेत, रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत दोन छोटे प्रकल्पही केले आहेत. नोकरी सोडणे किंवा महागडा क्लास लावणे शक्य नाही. रात्री दीड तास मिळतो.

अशा स्थितीत आधी साध्या जावास्क्रिप्टमध्ये असिंक्रोनस काम (ज्याचे उत्तर नंतर येते) व स्टेट (पानाची त्या क्षणाची माहिती) हाताळणे पक्के करावे, की थेट रिअ‍ॅक्ट आणि टाइपस्क्रिप्ट (जावास्क्रिप्टला टाइपची जोड देणारी भाषा) धरावे? आणि उमेदवार निवडणाऱ्यांना कोणत्या प्रकारचा प्रकल्प पाहून खात्री पटते?