मदत हवी आहे: सर्व्हरवरच्या टॅलीतून दुकानातल्या प्रिंटरवर बिल नीट येत नाही

खतवाला
टॅली या महिन्यापासून भाड्याच्या सर्व्हरवर आहे, दुकानातून रिमोटने उघडतो. बिल नीट छापलं जात नाही. पेरणीचे दिवस, काउंटरवर माणसं ताटकळतायत. सर्व्हरवाला म्हणतो प्रिंटर तुमचा, तुम्हीच बघा. लवकर सांगा.

नीलकंठ७२
रिमोट डेस्कटॉप कनेक्शन, 'शो ऑप्शन्स', 'लोकल रिसोर्सेस', 'प्रिंटर्स'वर टिक. बहुतेक वेळा तेवढंच असतं.

खतवाला
टिक आहे हो. छापतोय, पण नीट नाही.

रेवा_प
नीट नाही म्हणजे काय? प्रिंटर कोणता? रिमोट विंडोजचं की एनीडेस्क?

पंत
पीडीएफ करून व्हॉट्सॅपवर पाठवा. आम्ही कागदच बंद केला.

खतवाला
पंत, बियाणं उगवलं नाही तर शेतकरी पावती घेऊनच येतो. एक प्रत त्याला, सही केलेली माझ्याकडे.
रेवाताई, एप्सन एलएक्स-३१० डॉट मॅट्रिक्स, दुपानी कार्बनलेस कागद. विंडोजचंच रिमोट. एका बिलाला मिनिटभर लागतं, खालच्या पिवळ्या प्रतीवर लॉट नंबर वाचता येत नाही. टॅली दुकानातच होती तेव्हा टरटर निघायचं.

नीलकंठ७२
रिबन बदला. नाहीतर लेझर घ्या, कटकट संपेल.

खतवाला
रिबन कालच नवी घातली.

रेवा_प
नीलकंठ, लेझरने खालची प्रत कशी उमटेल? तिथे पिनेचा ठोकाच लागतो.
खतवाला, सर्व्हरवर प्रिंटरच्या नावापुढे 'रीडायरेक्टेड' दिसतं ना? प्रॉपर्टीज, 'अ‍ॅडव्हान्स्ड', तिथे ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) कोणता आहे?

खतवाला
रिमोट डेस्कटॉप ईझी प्रिंट.

रेवा_प
मग घोळ तिथेच. सर्व्हरवर प्रत्येक प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला लागू नये म्हणून विंडोज सर्व्हर २००८ पासून ही सोय आहे. बिल एक्सपीएस (पीडीएफसारखी फाइल) होऊन तुमच्याकडे येतं आणि अक्षरं चित्रासारखी छापली जातात. लेझरला चालतं, ९ पिनांचं डोकं मात्र ठिपका ठिपका करत बसतं. सर्व्हरवाल्याला सांगा: एलएक्स-३१०चा ड्रायव्हर तिकडे टाका, ड्रायव्हरचं नाव तुमच्या संगणकावर आहे तेच हवं. आणि ग्रुप पॉलिसीत (सर्व्हरच्या विंडोजची सेटिंग्ज) 'यूज रिमोट डेस्कटॉप ईझी प्रिंट प्रिंटर ड्रायव्हर फर्स्ट' डिसेबल करा. नंतर टॅलीत फॉरमॅट 'क्विक / ड्राफ्ट' ठेवा.

गोट्या
रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट सगळ्या इंटरनेटला उघडा नाही ना? आधी व्हीपीएन (सर्व्हरपर्यंतची खाजगी जोडणी) घ्या. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर याच वाटेने शिरतं.

पंत
त्यांनी प्रिंटचं विचारलंय.

गोट्या
टॅलीच गेली तर छापणार काय?

खतवाला
ड्रायव्हर टाकला, पॉलिसी बदलली म्हणतो. माझ्याकडे तेच.

रेवा_प
खिडकी फुलीवर बंद केली का? तसं केलं की सेशन तिकडे चालूच राहतं. साइन आउट करून परत या.

खतवाला
फुलीच दाबत होतो. आता ड्रायव्हरच्या जागी एप्सन दिसतंय, बिल पूर्वीसारखं टरटर आलं. पिवळ्या प्रतीवरचा लॉट नंबर हात लांब करूनही वाचता येतोय. रेवाताई, फार आभार. गोट्या, पोर्टचं सर्व्हरवाल्याला आजच विचारतो.