मदत हवी आहे : सायबर हल्ल्यांना लष्करी चौकटीत कसं बसवायचं?

नमस्कार मंडळी. संरक्षणशास्त्राच्या प्रबंधासाठी आक्रमक सायबर कारवायांची वैचारिक चौकट शोधतेय. लॉकहीड मार्टिन या अमेरिकन संरक्षण कंपनीची 'किल चेन', म्हणजे सायबर हल्ल्याची सात टप्प्यांत केलेली मांडणी, पाहिली, पण ती मुळात बचाव करणाऱ्यांसाठी. हल्ल्यामागचा लष्करी हेतू तिच्यात येतच नाही.

स्टक्सनेट या संगणक-विषाणूने इराणच्या नतान्झ अणुकेंद्रातली सेंट्रिफ्यूज (युरेनियम समृद्ध करणारी यंत्रं) बिघडवली, तो सरळ घातपात. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियन फौजा युक्रेनमध्ये शिरण्याच्या तासभर आधी व्हायासॅट या अमेरिकन कंपनीच्या उपग्रह-इंटरनेट जाळ्यावर हल्ला झाला. तो मला चढाईआधीच्या तोफांच्या भडिमारासारखा वाटतो. पण संगणकांमधली माहिती नष्ट करत पसरलेलं २०१७ चं नॉटपेट्या? निशाणा युक्रेन, आणि काम अडलं आपल्या जेएनपीटी बंदरातल्या (न्हावा शेवा) टर्मिनलचं!

वर्गीकरण हेतूवरून करावं की परिणामावरून? हे तिन्ही पेलणारी चौकट कुणी वापरली आहे का? मार्गदर्शकांना पुढच्या आठवड्यात मांडणी दाखवायचीय.