मदत हवी आहे: विज्ञान-तंत्रज्ञानाच्या इतिहासाची व्याख्यानं कशी बांधू?

नमस्कार मंडळी. सोलापुरात एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकल शिकवतो. या सत्रात 'विज्ञान-तंत्रज्ञानाचा इतिहास आणि तत्त्वज्ञान' हा ऐच्छिक विषय माझ्या गळ्यात पडला. कारण काय, तर "सर, तुमचं अवांतर वाचन आहे." क्रम नेहमीचाच: ग्रीक, कोपर्निकस, न्यूटन, वाफेचं इंजिन आणि शेवटी घाईघाईत पॉपर आणि कून हे विज्ञानाचे तत्त्वज्ञ. तो मला मोडायचाय.

वर्गातली बरीच पोरं शहराच्या पूर्व भागातली, विणकरांच्या वस्तीतली. घरात तेलुगू, शेजारी यंत्रमागाचा खडखडाट. म्हणून सुरुवात चादरीपासून करतोय. जॅकार्ड मागावर नक्षी भोकांच्या पुठ्ठ्यांनी ठरते. पुठ्ठ्याला भोक असेल तिथे सुई आत जाते, तिचा हूक उचलला जातो आणि त्याला बांधलेला ताण्याचा धागा वर येतो. भोक नसेल तिथे धागा खालीच. नक्षी बदलायची तर पुठ्ठे बदला, माग तोच. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

अडचण पुढे आहे. यूट्यूबवर जिथे बघावं तिथे एकच वंशावळ: १८०४ चा जॅकार्डचा माग, त्यावरून बॅबेजचं गणनयंत्र, त्यावरून हॉलेरिथची भोकांची कार्डं मोजणारी यंत्रं, त्यावरून संगणक. ऐकायला गोड, पण मला पचत नाही. बॅबेजपर्यंत ठीक. त्याने पुठ्ठे उघडपणे मागावरूनच घेतले. सुमारे २४,००० पुठ्ठे लावून रेशमात विणलेलं जॅकार्डचं चित्रही त्याच्याकडे होतं. पण त्याचं ते गणनयंत्र, ॲनालिटिकल इंजिन, पुरं झालंच नाही. आणि १८९० च्या अमेरिकी जनगणनेत ज्याची यंत्रं वापरली, तो हॉलेरिथ सांगतो की कल्पना रेल्वेच्या तिकिटावरून सुचली! गार्ड तिकिटाला भोकं पाडून प्रवाशाचं वर्णन नोंदवायचा: केस कसे, डोळे कसे, नाक कसं. मागे गेलं तर १७२५ मध्येच फ्रान्समधल्या बूशोंने मागाला भोकांची कागदी पट्टी लावलेली. मग वंशावळ कुठून सुरू करायची?

दुसरं, पॉपर. त्याचं म्हणणं, जो दावा खोटा ठरवून पाहता येतो तोच वैज्ञानिक. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने सोलापूर परिसरात ढगांत बीजारोपणाचा, म्हणजे पाऊस वाढावा म्हणून ढगांत कण फवारण्याचा, प्रयोग केला, तो घ्यायचा विचार आहे. विषय काढताच एकाने विचारलं, "काय ओ सर, पाऊस तसाही पडणारच होता की नाही, हे कळणार कसं?" प्रश्न बिनतोड. पण यात पॉपर नीट बसतो का?

– गिरणगाव

आडवा धागा:
गिरणगावसाहेब, वंशावळ खुशाल फळ्यावर काढा आणि पोरांनाच पुसायला लावा. प्रत्येक बाणापाशी विचारा: यानं ते यंत्र पाहिलं होतं का? तसं लिहून ठेवलंय का? की दोन वस्तू नुसत्या सारख्या दिसतात? अर्धे बाण जातील. उरतील त्यावर बोला. तास कमी पडेल.

शोध कुणी लावला यावरच थांबू नका. सोलापूरची जुनी मिल ही कापड गिरणी १८७७ ची, ती बंद पडली आणि माग घराघरांत राहिले. माग कोण दुरुस्त करतो, पुठ्ठ्याला भोकं कोण पाडतो, हाही तंत्रज्ञानाचाच इतिहास. पुस्तकं इथे फार कंजूष असतात.

ढगांवर पॉपर सरळ बसत नाही. 'सगळे हंस पांढरे' हे एका काळ्या हंसाने खोटं पडतं. 'बीजारोपणाने पाऊस वाढतो' हे एका कोरड्या ढगाने पडत नाही, कारण दावाच सरासरीचा आहे. संभाव्यतेच्या विधानांनी पॉपरलाही १९३४ च्या ग्रंथात बराच घाम फोडलाय. तुमच्या पोराला उत्तर संख्याशास्त्रज्ञ फिशरकडे मिळेल. इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेतांवर काम करताना त्याने मांडलं की कुठल्या तुकड्याला कुठलं खत, हे चिठ्ठी टाकून ठरवा. सोलापूरच्या प्रयोगातही योग्य ढग आधी हेरायचे आणि त्यातल्या कुणात बी टाकायचं हे सोडतीवर, असंच होतं. म्हणजे बी टाकलेल्या आणि न टाकलेल्या ढगांची सरासरी ताडून बघता येते. पॉपर आणि कूनच्या मध्ये एक तास फिशरला द्याच.

गिरणगाव:
फिशर डोक्यातच आला नव्हता. संख्याशास्त्राच्या मॅडमना तो तास घ्यायला गळ घालतो, मला झेपणार नाही. आणि बाण पुसायची युक्ती या शुक्रवारीच वापरतो.

आता एक मागणं. पूर्व भागात कुणाकडे जॅकार्डचे जुने पुठ्ठे पडून असतील तर भंगारात घालू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. एक माळ पुरे. पोरांच्या हातात द्यायचेत. अक्कलकोट रोडला कुठेही येऊन घेऊन जाईन.