२००५ची खूण आणि २०१९चं पाणी

"इशारा मिळाला होता, तर लोक आधीच बाहेर का पडले नाहीत?" असं २०१९च्या महापुराबद्दल विचारलं जातं. सांगलीपुरतं सांगतो. आमचं घर गावभागात, म्हणजे नदीजवळच्या जुन्या सांगलीत.

ऑगस्ट २०१९मध्ये मी जर्मनीत होतो. घरी फोन लावला की पहिला प्रश्न एकच, आयर्विनला, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी, पाणी किती फूट? सांगलीकराला वेगळं काही विचारावं लागत नाही. ४५ फूट म्हणजे धोका. पण आमच्या भिंतीवर २००५च्या पाण्याची खूण होती आणि आईबाबांचा सगळा हिशोब त्या खुणेवर. "तेव्हा पायरीपर्यंत आलं होतं, आता तेवढंच येईल," बाबा म्हणाले. सामान माळ्यावर टाकलं आणि थांबले. बेफिकिरी नव्हती ती, अनुभव होता. तोच दगा देऊन गेला. पाणी ५७ फुटांवर गेलं.

कोयना धरणातून विसर्ग, धरणाखालच्या भागात कोसळणारा पाऊस, त्यात हरिपूरला वारणाही दुथडी भरून कृष्णेला मिळते, मग वरचं पाणी सरकतच नाही, तुंबत राहतं. हे सगळं मी तिकडे बसून नकाशावर बघत होतो आणि फोन लागत नव्हता. दीड दिवस. सांगली जिल्ह्यातल्याच ब्रह्मनाळ गावात पुरातून लोकांना काढणारी बोट उलटल्याची बातमी आली तेव्हा हातपाय गार पडले, कारण आईबाबाही बोटीनेच बाहेर पडणार होते.

शेवटी मिरजेहून मावशीचा फोन आला, "दोघं माझ्याकडे आहेत, जेवताहेत."

म्हणून विनंती, अडकलेल्यांना हट्टी म्हणू नका. इशारा देताना नुसते क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी सोडलं) सांगण्यापेक्षा कुठल्या गल्लीत किती पाणी येईल ते सांगा. लोक उठतील.