बटण दाबणं एवढंच नसतं हो
कुणीतरी लिहिलंय की ईडीएम (इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक) फेस्टिव्हलला स्टेजवरचे सगळे नुसतं बटण दाबतात, वाचून हसूच आलं :) मी एकदा गोव्यात एका डीजेसोबत तबला वाजवायला गेलेलो, साउंडचेकला काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळी पट्टीच्या सुराला) मस्त लावलेला तबला रात्री समुद्राच्या दमट हवेने सुरातून पार उतरला आणि ट्रॅक काय आपल्यासाठी खाली येत नाही, मग ब्रेकडाउन (ट्रॅकमधला बीट थांबतो तो शांत भाग) आला की हातोडी घेऊन ठोकाठोक, त्यात शेजारच्या स्टेजचा बेस थेट डग्ग्याच्या माइकमधे घुसत होता. शेवटी कानातल्या क्लिकवर (इअरफोनमधल्या लयीच्या टिकटिकीवर) भरोसा ठेवून वाजवलं.

प्रेक्षक म्हणून २०१६ ला पुण्याजवळ केसनंदच्या सनबर्नला (ईडीएम फेस्टिव्हल) गेलेलो तेव्हा मात्र निवांत. पुढे घुसू नका, मिक्सरवाल्याच्या आसपास थांबा, आवाज तिथेच नीट लागतो. आणि इअरप्लग न्या राव, साधे फोमचे पण चालतात.