पहिलं काय दिसलं? गोव्यातल्या घरच्या कुत्र्यामांजरांचे अनुभव

गेल्या जुलैतली गोष्ट. आमचा कुत्रा टायगर सकाळची भात-नुस्त्याची (मासळीची) वाटी अर्धी टाकून बाल्कांवाच्या, म्हणजे पुढच्या ओट्याच्या, कोपऱ्यात जाऊन पडला. सतत पाऊस, सगळेच आळसावलेले, म्हणून मी फारसं मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी पायरीवर रक्ताचे दोन थेंब दिसले, ते त्याच्या नाकातून पडले होते. डॉक्टरांनी त्याचा वरचा ओठ उचलून मला हिरडी दाखवली. एरवी गुलाबी असते, त्या दिवशी ती चुन्यासारखी फिकी होती. गोचीड ताप. निरोगी कुत्र्याच्या प्लेटलेट दोन लाखांच्या आसपास किंवा वर असतात, टायगरच्या ४०,००० वर आल्या होत्या. सलाइन, २८ दिवस डॉक्सिसायक्लीन, चमच्याने भरवलेली पेज. वाचला. पण पहिल्याच दिवशी मी तो ओठ उचलून पाहिला असता तर त्याचे दोन दिवसांचे हाल टळले असते, ही गोष्ट अजून माझ्या मनातून जात नाही.

म्हणून हा धागा. आजार लपवण्यात ही जनावरं पटाईत असतात आणि आपल्या लक्षात येतं तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. आपल्याकडे वर्षातले चार महिने ओल, मार्च ते मे घामटा, मग चवथ (गणेशचतुर्थी) आणि दिवाळीचे आवाज. प्रत्येक मोसमात काही ना काही असतंच. तुमच्या घरी काय झालं, आणि मुख्य म्हणजे सगळ्यांत आधी काय दिसलं, ते लिहा. औषधाचं नाव माहीत असेल तर सांगा, पण डोस लिहू नका. तो ज्याचा त्याने डॉक्टरांना विचारून ठरवावा.

फोंड्याहून

ताई, गोचिडांवर आमचं घर दोन वर्षं लढलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचं घर जुनं, चिऱ्यांचं. मागच्या भिंतीला गिलावा नाही. कुत्रीच्या अंगावरच्या गोचिडी काढून काढून हात दुखायचे आणि आठवड्याने पुन्हा तितक्याच. मग एका रात्री टॉर्च घेऊन मागच्या भिंतीजवळ बसलो. चिऱ्यांच्या भोकाभोकांतून तिळाएवढी पिल्लं ओळीने वर चढत होती. कुत्र्यांवरची ही तपकिरी गोचीड रक्त पिऊन खाली उतरते आणि अशा फटीत हजारोंनी अंडी घालते. म्हणजे अंगावर दिसतात त्या थोड्याच, बाकी सगळा पसारा भिंतीत. मे महिन्यात भिंतीच्या भेगा बुजवल्या, गिलावा केला, तिची गोणपाटं जाळली आणि डॉक्टरांनी दिलेली महिन्याची चघळायची गोळी एकदाही न चुकवता वर्षभर दिली. पाऊस संपला म्हणून ऑक्टोबरात थांबलो नाही. त्या वर्षापासून घर गोचिडांतून सुटलं.

गोचीड काढताना रॉकेल ओतू नका, काडीने चटका देऊ नका. चिमट्याने अगदी कातडीलगत धरायची, सरळ ओढायची आणि साबणाच्या पाण्यात टाकायची. नखाने चिरडायची नाही.

एक चूक मात्र आमच्या हातून झाली. कुत्रीच्या मानेवर घालायचं थेंबांचं औषध उरलं होतं, ते वहिनीने मांजरीलाही लावलं. तिच्या मनात माया सोडून दुसरं काही नव्हतं. तीन तासांत मांजरीचे कान थरथरायला लागले, मग सगळं अंग. त्या औषधात परमेथ्रिन होतं. कुत्र्याला ते चालतं, मांजरीला विषच. डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं, भांडी घासायच्या पातळ साबणाने कोमट पाण्यात लगेच धुवा, टॉवेलात गुंडाळा आणि निघा. दोन रात्री ती दवाखान्यात होती. आता आमच्या कपाटात मांजरीच्या औषधाचा डबा वेगळा, त्यावर लाल चिकटपट्टी.

म्हापशाहून

मांजराचा विषय निघाला म्हणून. आमचा बोका दर पाच मिनिटांनी वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसायचा आणि तसाच उठायचा. आई म्हणाली, पोट साफ होत नसेल, एरंडेल दे. मला त्याचं ओरडणं वेगळं वाटलं. वाळू हाताने चाळून पाहिली, सकाळपासून एकही ओला गोळा नव्हता. पोटाखाली हात लावला तर लिंबासारखं टणक काहीतरी लागलं आणि तो कळवळला. लघवी तुंबली होती. बोक्याची मूत्रनळी अरुंद, त्यात बारीक खडे अडकतात. मूत्राशय भरलं की रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. डॉक्टरांनी नळी घालून मोकळं केलं, तेव्हा रक्तासारखी लाल लघवी आली.

आता त्याला कोरडा खाऊ जवळजवळ बंद, उकडलेलं मासळीचं पाणी रोज. बोका असेल तर वाळू रोज स्वतः काढा. नोकराणीवर सोडू नका.

मडगावहून

आमचा कुत्रा कॉकर जातीचा. पावसात फिरून आला की कान आतून कोरड्या कापसाने पुसते. पुसले नाहीत तर चार दिवसांत वास, आठव्या दिवशी पू. माझं म्हणणं एवढंच.

सत्तरीहून

आमच्याकडे काजूचा मोसम हा कुत्र्यांच्या जिवावरचा मोसम असतो. मार्च-एप्रिलात बोंडू (काजूची फळं) तुडवून नीरो, म्हणजे रस, काढला की चोथ्याचा ढीग भट्टीमागे पडतो. उन्हात तो दुपारपर्यंत आंबतो आणि दारूचा वास सुटतो. गोड असल्यामुळे कुत्री तुटून पडतात. आमची काळी कुत्री एका संध्याकाळी मागच्या पायांवर डोलत आली. पोरं हसली, झिंगली म्हणाली. मीही पहिल्यांदा हसलो. रात्री नऊला तिने ओकारी केली आणि आडवी झाली. पोटाला हात लावला तर थंड. त्या थंडपणाने माझी झोप उडाली. कुत्र्याचं अंग माणसापेक्षा गरम असतं, ते हाताला गार लागलं म्हणजे काहीतरी फार बिघडलं. गोधडीत घालून जीपने नेली. दारूने रक्तातली साखर उतरते, म्हणून ग्लुकोजची बाटली लावली. पहाटे शेपटी हलवली.

तेव्हापासून चोथा कुंपण घातलेल्या खड्ड्यात जातो आणि वर माती पडते. कच्ची काजूबीही त्यांना चावू देऊ नका. टरफलातल्या तेलाने तोंड भाजतं, जसे आमचे हात भाजतात.

आणि रानालगतच्या गावांत राहणाऱ्यांनी कुत्रं रात्री बाहेर बांधू नये. बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्यासाठी वाढून ठेवलेलं ताट. आमच्या वाड्यावरची दोन अशीच गेली. साखळी तेवढी राहिली.

वास्कोहून

पावसाळा सुरू झाला की आमच्या कॉलनीमागच्या गवतात घोणस निघते. कुत्रा रात्री भुंकला, मग एकदम कुईं केलं. बॅटरी घेऊन गेलो तेव्हा साप दिसला नाही. दिसलं ते त्याच्या नाकाजवळ दोन ठिपके, आणि दहा मिनिटांत थोबाड एका बाजूने फुगलं. शेजारचे काका दोरी घेऊन आले, बांधा म्हणाले. बांधून विष थांबत नाही, उलट मांस सडतं, आणि तोंडाला बांधणार कुठे! त्याला चालू दिलं नाही, उचलूनच गाडीत घातलं. दवाखान्यात रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं उभं ठेवलं, ते गोठलंच नाही. म्हणजे विष रक्तात भिनलं होतं. प्रतिविष दिलं. माणसांना देतात तेच, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालणारं. महाग आहे आणि प्रत्येक दवाखान्यात नसतं, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारलं. त्या फोनमुळे तो वाचला असं मी मानतो. तुमच्या भागात ते कुठे मिळतं हे मे महिन्यातच विचारून भिंतीवर लिहून ठेवा.

पेडण्याहून

आमच्या आजीचं एक वाक्य आहे, "सुण्याक आमचो आवाज न्हय, आमचो भंय कळटा." म्हणजे कुत्र्याला आपला आवाज नव्हे, आपली भीती कळते. नरकासुराच्या रात्री मला ते पटलं.

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर नरकासुराचे पुतळे उभे, पहाटे जाळेपर्यंत मोठमोठे साउंड बॉक्स. दोन वर्षांपूर्वी आमची कुत्री पिंकी फटाक्यांच्या माळेला घाबरून अर्ध्या उघड्या फाटकातून पळाली. आम्ही रात्रभर शोधलं. तीन दिवसांनी पलीकडच्या गावातल्या एका बाईचा फोन आला, गोठ्यामागे लपून बसलीय म्हणाली. पिंकीच्या पट्ट्यावर फोन नंबर कोरलेली पत्र्याची चकती होती, तीस-चाळीस रुपयांची. तळपायांची कातडी निघाली होती.

आता त्या दिवशी दुपारी चारलाच तिला लांब फिरवून आणतो. संध्याकाळी घराच्या मधल्या, खिडकी नसलेल्या खोलीत तिची गोधडी, माझा एक न धुतलेला शर्ट आणि पंखा पाचवर. डॉक्टरांनी तपासून दिलेली गोळी आवाज सुरू व्हायच्या दोन तास आधी. आवाज सुरू झाल्यावर दिलेली काही कामाची नाही, हे आम्ही चवथीला अनुभवलं. आणि घरातलं एक माणूस तिच्याजवळ बसतं, शांतपणे. गेल्या वर्षी मी बसलो. माझ्या पोटाला पाठ लावून ती पहाटेपर्यंत थरथरत होती, पण उठली नाही.

पणजीहून

लशींबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. पिल्लू सहा-आठ आठवड्यांचं झालं की पहिली, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत, तिसऱ्या महिन्याला रेबीजची, नंतर दरवर्षी. आम्ही दोन लशी झाल्या म्हणून पिल्लाला मैदानात नेलं आणि पार्व्हो घेऊन आलो. रक्ताचे जुलाब, आणि तो वास कधी विसरता येत नाही. पिल्लू गेलं. तो विषाणू मातीत अनेक महिने टिकतो, म्हणून पुढचं पिल्लू वर्षभर आणलं नाही.

लेप्टोची लस मे संपायच्या आत घ्या. उंदरांचं मूत साचलेल्या पाण्यात उतरतं आणि तिथूनच कुत्र्याला आणि माणसालाही होतं. रेबीजसाठी गोव्यात मिशन रेबीज या संस्थेची माणसं जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरली, रस्त्यावरच्या कुत्र्यांना टोचलं, शाळाशाळांत मुलांना सांगितलं. २०२१ मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. म्हणून काही घरं आता लस टाळतात, आणि हे ऐकलं की मला धडकी भरते. चावा घेतला, नुसतं ओरखडलं तरी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टर गाठा.

डिचोलीहून

माझं वय त्र्याहत्तर. आमच्या कुत्र्याने, राजाने, मानकुराद आंब्याची कोय गिळली आणि मला वाटलं, पडेल बाहेर. पाणी प्यालं की ओकायचा, शी नाही. तिसऱ्या दिवशी पोट कापून काढली. आता आंबे खाताना कोयी मोजते. पाच आंबे, पाच कोयी.

टायगरच्या ताईंना एक विचारायचं होतं. राजाची हिरडी जन्माचीच काळी आहे. फिकी झाली तर कळणार कशी?

धागा काढणारी

आजी, खालची पापणी अंगठ्याने हळूच खाली ओढा. आतला भाग गुलाबी असतो, काळ्या हिरडीच्या कुत्र्याचाही. किंवा जिभेचा रंग बघा. हिरडीचा गुलाबी ठिपका कुठे असेल तर त्यावर बोट दाबून सोडा, पांढरा झालेला डाग दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. आज राजा बरा असतानाच एकदा पाहून ठेवा, म्हणजे त्याचा नेहमीचा रंग तुमच्या डोळ्यांत राहील. मी टायगरचा दिवेलागणीला पाहते. काल डाव्या मागच्या पायाच्या बोटांमध्ये एक गोचीड सापडली, मसुराएवढी.